ठासणीच्या पिस्तुलाचा लाकडी स्टँड: साग की बाभूळ, उभा की तिरका?

ठासणीचं पिस्तूल, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायचं पिस्तूल, नेमबाजीच्या रेंजवर भरताना तिसरा हात असता तर बरं, असं वाटत असेल तर घरीच स्टँड करून घ्या. (हत्यार जुन्या बनावटीचं असलं, तरी चालवायचं म्हटलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतोच.) आपल्याकडे पहिली चर्चा लाकडावर होते. माझ्या मते आधी ठेवण ठरवा.

उभ्या स्टँडमध्ये नळी सरळ आभाळाकडे आणि दस्ता खालच्या खोबणीत. करायला सोपा, जागा कमी, दारूही नळीत नीट तळापर्यंत उतरते. अडचण गज (दारू-गोळी आत ठासायची कांब) दाबताना येते. जोर नळीतून सरळ खाली उतरतो, पण पिस्तुलाचा दस्ता वाकडा असल्यामुळे त्याचं टेकलेलं टोक त्या रेषेत नसतं. सगळा ताण मधल्या मानेवर येतो. वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटलेल्या असतात, त्यामुळे जुनं पिस्तूल तडकतं ते तिथेच. उभाच हवा असेल तर नळीच्या बुडामागे टेकेल असा ठोकळा बसवा, आणि तो चापाच्या कडीला लागणार नाही हे बघा.

तिरक्यात नळी वरच्या खाचेत विसावते, दस्ता खालच्या कटोरीत बसतो, तोंड वर आणि आपल्यापासून लांब. चेहरा नळीसमोर येत नाही, एवढ्यासाठीच माझं मत तिरक्याला. मात्र गज दाबला की अख्खा स्टँड आपल्याकडे सरकतो, म्हणून बैठक लांब आणि जड लागते.

आता लाकूड. चोपडा-अमळनेरकडे जुनं धाब्याचं घर पाडलं की सागाच्या तुळया निघतात. पिढ्यान् पिढ्या वाळलेलं ते लाकूड जळगावच्या उन्हातही वाकत नाही. फक्त आत मोडलेले खिळे असतात. आधी तपासा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच समजा. बांधावरची बाभूळ स्वस्त आणि सागापेक्षा जड. गाडी-औतांना सुतार ती उगाच वापरत नाही. पण ओली बाभूळ वैशाखात तडकते, आणि तिच्यातल्या टॅनिनमुळे ओलसर लोखंड लागलं की काळे डाग पडतात. म्हणून बैठक वाळलेल्या बाभळीची, खाच आणि कटोरी सागाची, हे उत्तम. अंजनाच्या झाडाचा तुकडा हाती लागला तर बैठकीला त्याहून जड काही नको, पटाशीला मात्र सारखी धार लावावी लागेल. आंब्याच्या फळीला भुंगा लागतो, सोडून द्या.

जोड लाकडी खुंट्यांचे करा, खिळे नकोत. खाचेत मऊ चामडं किंवा नमदा लावा, पण चिकटवून टाकू नका. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि त्या ओलीनं लोखंड गंजतं, म्हणून अस्तर काढून धुता आलं पाहिजे. दारूची बाटली ठेवायला स्टँडवर भोक पाडायचा मोह होतो. दिसायला छान, तरी नको. दारू झाकण लावून बाजूलाच राहू दे. आणि टोपी (घोडा आपटला की दारू पेटवणारी छोटी धातूची टोपी) चढवायची ती पिस्तूल स्टँडवरून उचलून निशाण्याकडे रोखल्यावरच, ठेवण कुठलीही असो.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात द्या आणि पुरतं वाळल्यावरच पिस्तूल टेकवा.