क्रॉस-शार्ड व्यवहार आठ महिने वापरून आलेला अनुभव

नियर या ब्लॉकचेनवर टोकन ठेवायचं-काढायचं एक छोटं व्हॉल्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) लिहिलं त्याला आठ महिने झाले, पहिले पाच महिने टेस्टनेटवर (सरावाचं नेटवर्क) आणि नंतर मेननेटवर (खऱ्या पैशांचं). नियर शार्डमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या तुकड्यांमध्ये, वाटलेलं आहे, आणि दोन कॉन्ट्रॅक्ट वेगवेगळ्या शार्डवर असू शकतात. आधी सगळं काम इथेरियमवर केलेलं, त्यामुळे मधे काही फसलं की सगळं आपोआप रिव्हर्ट होणार, म्हणजे पहिल्यासारखं होणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथं तसं नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं.

होतं काय, एका कॉन्ट्रॅक्टने दुसऱ्याला कॉल केला की तो कॉल रिसीट (पुढे पाठवलेला निरोप) बनून निघतो आणि लवकरात लवकर पुढच्या ब्लॉकला तिकडे चालतो, आणि तोपर्यंत इकडच्या कॉन्ट्रॅक्टमधले बदल लिहूनही झालेले असतात. पलीकडे फेल झालं तरी ते मागे येत नाहीत, ते मागे आणायचं काम कॉलबॅकचं (पलीकडचा निकाल आल्यावर चालणारं आपलं फंक्शन) आणि तो कॉलबॅक लिहायचं काम आपलं.

टेस्टनेटवर एका मित्राने 50 टोकन काढायला टाकले. व्हॉल्टने त्याचा बॅलन्स शून्य केला आणि टोकन कॉन्ट्रॅक्टला ट्रान्सफर करायला सांगितलं, पण त्याचं अकाउंट त्या टोकनकडे रजिस्टर नव्हतं म्हणून ट्रान्सफर फेल. टोकन व्हॉल्टमध्येच पडून, आणि याच्या नावावर मात्र शून्य. त्यात वॉलेटने पहिली रिसीट बघून हिरवी टिक दाखवलेली, म्हणजे त्याला वाटलं पैसे निघाले.

मग मी घाईत बॅलन्स कापायची ओळच कॉलबॅकमध्ये नेली, ट्रान्सफर झालं तरच कापायचं. ऐकायला बरोबर वाटतं ना? रात्री स्क्रिप्ट लावून लागोपाठ दोनदा विथड्रॉ मारला तर 50 जमा असलेल्या अकाउंटला 100 मिळाले, कारण पहिला कॉलबॅक परत यायच्या आत दुसऱ्या कॉलला बॅलन्स अजून 50 च दिसत होता. वरचे 50 दुसऱ्या कुणाचे तरी. हे मेननेटवर झालं असतं तर काय, या विचाराने झोप लागली नाही.

आता आधी कापतो, आणि फेल झालं तर कॉलबॅकमध्ये परत भरतो. तो कॉलबॅक बाहेरच्या कुणाला मारता येता कामा नये, त्याच्यासाठी गॅस (कोड चालवायला लागणारी फी) आधीच बाजूला काढून ठेवायचा, आणि तो स्वतः पॅनिक होता (एरर येऊन मधेच थांबता) कामा नये, नाहीतर परत भरायला कुणीच उरत नाही. एनईपी-141 या नियरच्या टोकन स्टँडर्डच्या ट्रान्सफर-कॉलमध्येही हीच पद्धत आहे, न वापरलेले टोकन शेवटी रिझॉल्व्ह या कॉलबॅकमध्ये पाठवणाऱ्याला परत जातात. अजून एक, कॉलबरोबर जोडलेलं डिपॉझिट फेल झाल्यावर कॉल करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे परत येतं, युजरकडे नाही, तेही आपणच पुढे पाठवायचं.

शार्ड केले की एखादा शार्ड ताब्यात घेणं सोपं होत नाही का, हे मला बरेच जण विचारतात. व्हॅलिडेटर (ब्लॉक तपासणारे कॉम्प्युटर) शार्डना रँडम वाटले जातात ते त्यासाठीच, आणि 2024 च्या ऑगस्टपासून स्टेटलेस व्हॅलिडेशन (शार्डचा सगळा डेटा जवळ न ठेवता तपासणं) आल्यावर शार्ड तपासणारे व्हॅलिडेटर दर ब्लॉकला बदलतात. माझं टेन्शन कधीच तिथं नव्हतं, ते कॉल आणि कॉलबॅकमधल्या त्या एक-दोन ब्लॉकच्या फटीत होतं.

दोन्हीकडे लॉक लावून व्यवहार अ‍ॅटॉमिक (सगळा होईल नाहीतर काहीच नाही असा) करायचा रस्ताही आहे, 2018 च्या ऑम्निलेजर या शार्डिंगच्या डिझाइनमध्ये तसाच होता, पण त्यात क्लायंट मधेच गायब झाला तर लॉक अडकून राहतात, आणि अशा डिझाइन्समध्ये शार्डमधले जुने मेसेज पुन्हा पाठवून फसवता येतं हे 2020 मध्ये रिसर्चर्सनी दाखवलं. म्हणून मला नियरची ही असिंक (निकालाची वाट न बघता पुढे जाणारी) पद्धतच जास्त पटते, कष्ट जास्त आहेत पण फट कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. शिवाय कोणतं अकाउंट कुठल्या शार्डवर आहे याचा कोडला पत्ताच नसतो, त्यामुळे शार्ड वाढले तरी कोडला हात लावावा लागत नाही.

मेननेटवर तीन महिने झाले, अडकलेला एकही विथड्रॉ नाही. नवीन कॉन्ट्रॅक्ट घेतलंय, त्यात फेल झाल्यावरचा कॉलबॅक आणि रजिस्टर नसलेल्या अकाउंटची टेस्ट आधी लिहिली, विथड्रॉ फंक्शन अजून रिकामंच आहे.