शेतीतलं ज्ञान गावात पोचवायला काय बरं, व्हिडिओ की रेडिओ? जहीराबादच्या बायकांनी दोन्ही केलंय
तेलंगणात जहीराबादकडच्या दलित शेतकरी बायकांनी २००१ मध्ये कम्युनिटी मीडिया ट्रस्ट (त्यांचीच माध्यम संस्था) काढला, स्वतः कॅमेरा धरला आणि २००८ पासून माचनूर गावचा संघम रेडिओ पण त्याच चालवतात, म्हणजे तुलनेला याहून चांगली जागा नाही. रेडिओ स्वस्त, भाकऱ्या थापतानाही ऐकता येतो, पण एकाच वावरात ज्वारी, तूर, राळा असं मिसळून कसं पेरायचं, म्हणजे पावसानं दगा दिला तरी काहीतरी हाती लागतं, हे नुसतं ऐकून कळत नाही हो, बघावंच लागतं! शिवाय काय शूट करायचं यावर बायका जी चर्चा करतात ना, खरं शिकणं तिथेच होतं असं मला मनापासून वाटतं. ऐन पेरणीत गावोगाव पटकन निरोप द्यायचाय? मग रेडिओच.