साउंडबॉक्स: दहा महिने, एक पावसाळा आणि ११६ रुपये ८२ पैसे

मालवणात आमचं घरापुढेच छोटं दुकान आहे. सोलं, आगळ, काजूगर, खाजा, मसाला. गेल्या ऑक्टोबरात पेमेंटचा बोलणारा डबा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचे डबे साधारण सारखेच. भाडं महिन्याला ९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६.८२. दिवसाला चार रुपयांना थोडे कमी.

मी घेणारच नव्हतो. क्यूआरचा कागद भिंतीला होता, फोनवर मेसेज यायचा. पण दिवाळीच्या गर्दीत एकाने ४८० रुपयांचा स्क्रीनशॉट दाखवला, दोन किलो सोलं घेतली आणि गेला. पैसे आलेच नाहीत. चार महिन्यांचं भाडं एका पिशवीत गेलं. दुसऱ्या दिवशी डबा मागवला.

स्मार्ट सिटी योजना २०१५ ला आली. तिच्या शंभर शहरांत पुणे, ठाणे, कल्याण-डोंबिवली आहेत, सिंधुदुर्गातलं एकही नाही. पण तिथली माणसं पाकीट न घेता तारकर्लीला उतरतात, आणि वीस रुपयांच्या खाज्यालाही फोन काढतात. पूर्वी आम्हाला सुट्टे लागायचे, आता रेंज लागते. सुट्टे निदान शेजारच्या दुकानात मिळायचे.

रेंजवरून आठवलं. डब्यात स्वतःचं सिम असतं, तुमच्या फोनशी त्याचा संबंध नाही. आमच्या गल्लीत एकाच कंपनीची रेंज धड येते, आणि डब्यात नेमकं दुसरीचं सिम. घेताना हे विचारायचं सुचलं नाही, तुम्ही विचारा. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली, मागोमाग त्या कंपनीचा टॉवर. गिऱ्हाइकांचे पैसे बँकेत जमा होत होते, पण डबा मुका. रात्री दोनला रेंज आली आणि साठलेली सातही पेमेंटं त्याने एका दमात वाचून दाखवली. आई दचकून उठली: "खयचा गिऱ्हाईक इला रे ह्या येळाक?"

आता मुख्य रड. चार्जिंगची पिन. समुद्राची खारी हवा आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या सोडत नाही, ती या पिनेला कशाला सोडेल? जूनमध्ये पिन हिरवी पडली, चार्जिंग बंद. कस्टमर केअर म्हणे, "सर, बॉक्स रिस्टार्ट करा." अहो, तो चालूच होत नाही तर रिस्टार्ट कसला? माणूस येणार, येणार, करता करता दोन महिने गेले. या काळात भाडं मात्र रोजच्या जमेतून न चुकता कापलं. त्यात पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, बाजारात कुत्रं फिरत नाही. गल्ला नाही, डबा बंद, भाडं चालू! बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही, २०२० पासून तसा नियम आहे. मग कमाई भाड्यातूनच करणार, हे कळतं. पण बंद डब्याचं भाडं?

इथवर लिहून मी एकच तारा देणार होतो. पण ते दोन महिने दुकानात काय झालं तेही सांगायला हवं. आईला मोतीबिंदू आहे, मेसेज वाचता येत नाही. डबा होता तेव्हा ती दुपारी एकटी दुकान बघायची, मी बागेत जायचो. डबा मेला आणि पुन्हा प्रत्येक गिऱ्हाइकामागे बागेत फोन: "बघ रे, पैशे इले काय?" जुलैत तिने सरळ पाटी लावायला सांगितली, फक्त रोख. तीन दिवसांत तिनेच काढायला लावली. माणसं पाटी वाचून पुढे जात होती.

ऑगस्टमध्ये नवीन डबा आला. या वेळी सिम विचारून घेतलं. पिनेच्या भोकात रबराचं बूच लावलंय, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून. फुकटात झालं. दोन महिन्यांचे २३३ रुपये ६४ पैसे परत मागितले, अकरा फोननंतर अर्धे मिळाले. ते जमा झाले तेव्हा डबा गप्प होता. तो फक्त गिऱ्हाइकाचे पैसे ओरडतो.

पाचात साडेतीन. गणपतीला चाकरमानी येतील, तेव्हा आवाज पुरतो का ते कळेल. उरलेल्या ११६.८२ साठी बारावा फोन सोमवारी.