जुनी यामाहा एफजी-१८० आणि जुनी अमेरिकन ड्रेडनॉट : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या अकूस्टिक गिटारींची तुलना करताना बहुतेक जण लाकूड आणि आवाजाबद्दल बोलतात. सॅडलच्या, म्हणजे ब्रिजमध्ये (तारा अडकवलेल्या, टॉपवर चिकटवलेल्या लाकडी पट्टीत) बसवलेल्या आणि तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या, उंचीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कोल्हापूरच्या हवेत मात्र हाडाची ती लहानशी पट्टीच वाद्य हातात राहणार की पेटीत पडून राहणार हे ठरवते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझ्याकडे जपानी बनावटीची, लाल लेबलची एफजी-१८० आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आतेभावाने १९७०च्या दशकातली अमेरिकन ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाची अकूस्टिक गिटार) माझ्याकडे सांभाळायला दिली, तेव्हापासून दोन्ही वाद्ये शेजारी शेजारी आहेत. तुलना वाद्यांचीच व्हावी म्हणून दोन्हींवर एकाच कंपनीचे, ०.०१२ इंचापासून सुरू होणारे तारांचे संच चढवले.

उन्हाळ्यात आवाजाचा निकाल एकतर्फी होता. अमेरिकन गिटारीचा टॉप (समोरची फळी) घन, म्हणजे एकसंध स्प्रूस लाकडाचा, तर पाठ आणि बाजू भारतीय शिसवीच्या आहेत. मार्टिन या अमेरिकन कंपनीने आपल्या डी-२८ या ड्रेडनॉट मॉडेलसाठी ब्राझीलची शिसवी सोडून १९६९ मध्ये भारतीय शिसवी घेतली. हा वृक्ष आपल्या पश्चिम घाटातही वाढतो. सर्वांत जाड तारेचा खर्ज छातीला जाणवतो, आणि स्वर छेडल्यानंतरची आस इतकी लांब राहते की पुढचा कॉर्ड घाईने धरावासा वाटत नाही. त्यापुढे यामाहा कोरडी आणि मध्यम पट्टीत थोडी नाकात बोलणारी वाटली, त्यामुळे त्या दिवसांत तिला क्वचितच हात लागला.

हे मत पावसाळ्याने बदलले. जुलैमध्ये घरातला आर्द्रतामापक ८० टक्क्यांच्या खाली उतरेना. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. घन टॉप ओलावा शोषून फुगतो, ब्रिजसकट वर येतो आणि त्याबरोबर तारा उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर) सर्वांत जाड तारेची उंची २.४ मिलिमीटरवरून ३ च्या पुढे गेली, एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) धरताना मनगट दुखू लागले आणि आवाजही गोणपाटात गुंडाळल्यासारखा झाला. यामाहाची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जिथल्या तिथे राहिली. १९६६ मध्ये आलेल्या या मॉडेलचा टॉप प्लायचा आहे, म्हणून जाणकार तिला कमी लेखतात. पण आडव्याउभ्या रेषांचे थर एकमेकांवर चिकटवलेले असल्याने तो सहज फुगत नाही, हा गुण आपल्याकडे चार महिने रोज उपयोगी पडतो.

आता गिटार दुरुस्तीला दिल्यावरच्या माझ्या तक्रारीबद्दल. ॲक्शन कमी करण्यासाठी अमेरिकन गिटार एका दुकानात दिली, तेव्हा तिथल्या कारागिराने आर्द्रता विचारली नाही, नेकचा (गिटारीच्या मानेचा) कोन पाहिला नाही, थेट सॅडल घासले. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल २ मिलिमीटर घासावे लागते, हा साधा हिशेब आहे. एवढे हाड गेल्यावर तारा सॅडलवरून जेमतेम वळतात, टॉपवरचा दाब कमी होतो आणि आवाजातली ताकद जाते. थंडीत टॉप खाली बसला, तेव्हा तारा फ्रेटवर आपटून झणझणू लागल्या. विचारायला गेल्यावर ‘जुन्या वाद्याचं असंच असतं’ हे उत्तर मिळाले. पैसे पूर्ण घेतले होते, हे मुद्दाम नोंदवतो. हंगामी फुगवट्यावर कायमचा इलाज करून मूळ हाड वाया घालवणे मला आजही खटकते.

उपाय मिरजेत सापडला. सतार आणि तानपुऱ्याच्या घोडीवरची जवारी (घोडीचा माथा घासून स्वराला आणलेला झंकार) काढण्यात ज्यांची हयात जाते, त्यांना हाड केसभर घासणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिथल्या एका सतारमेकरांनी गिटारीच्या कामाची सवय नसल्याचे आधीच स्पष्ट सांगितले, मग मापे घेतली आणि दोन सॅडल करून दिली : एक पावसाळ्यासाठी बुटके, दुसरे कोरड्या दिवसांसाठी उंच. तारा सैल केल्या की सॅडल पाच मिनिटांत बदलता येते. उंच सॅडल बसवल्यावर आवाज पूर्ववत झाला, आणि खर्च दुकानाच्या बिलाहून कमी आला.

त्यामुळे आता कार्तिकापासून वळीव पडेपर्यंत अमेरिकन गिटार, आणि उरलेले महिने यामाहा अशी वाटणी झाली आहे. केवळ आवाजावर गुण द्यायचे तर अमेरिकन गिटार अजूनही बरीच पुढे आहे. स्वतःचे पैसे घालून एकच वाद्य घ्यायचे असेल, तर इथल्या माणसाने लाल लेबलची यामाहा घ्यावी. जुने वाद्य पाहायला जाताना लांब पोलादी पट्टी सोबत न्यावी आणि ती फ्रेटवर ठेवून पुढे सरकवावी : तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला जुळले तर नेकचा कोन ठीक आहे, ब्रिजच्या कडेवर बरेच खाली अडकले तर नेक उघडून बसवावी लागेल. सॅडल ब्रिजच्या वर साधारण ३ मिलिमीटर दिसत नसेल, तर ते आधीच कोणीतरी घासले आहे असे समजून भाव करावा, आणि शक्यतो भर पावसाळ्यात सौदा करावा, कारण फुगलेल्या टॉपसह ॲक्शन कुठवर चढते हे तेव्हाच मोजता येते.