भंडारदरा: आठ महिने, चार फेऱ्या, एक तंबू

मे अखेरीला ठाण्यात ४,२०० रुपयांना दोघांचा एकपदरी तंबू घेतला. डिसेंबरात त्याच्या दाराची चेन तुटली आणि ‘चेन वॉरंटीत येत नाही’ म्हणून कंपनीने हात वर केले, म्हणून लिहायला बसलोय. चारही फेऱ्या भंडारदऱ्याच्याच, कसारा घाट चढून घोटीवरून शेंडीला. त्यामुळे तंबूइतकंच हे तिथल्या ऋतूंबद्दलही आहे.

जूनच्या सुरुवातीला काजवे. झाडच्या झाड उजळतं आणि विझतं. नर माद्यांना खुणावत असतात. हेडलाइट पडला की तो खेळ मोडतो. शनिवारी गेलो तिथेच चुकलं, रतनवाडीच्या रस्त्यावर गाड्यांचीच रांग. मधल्या वारी जा. तलाव मात्र खूप आटलेला, काठाला भेगाळलेली माती.

ऑगस्टात धबधबे जागोजागी, पण दोन दिवस ढग खाली उतरलेले. १९२६ साली बांधून झालेल्या विल्सन धरणापाशी उभं राहून पाणी नुसतं ऐकलं. तंबू आतून ओला. कंपनीला फोन करून भांडलो की गळतोय. ते म्हणाले, गळत नाही, तुमच्याच श्वासाची वाफ आहे. मला ती पळवाट वाटली.

डिसेंबरात कळलं. आभाळ निरभ्र, पावसाचं नाव नाही, तंबू पाण्यापासून वीस पावलांवर. पहाटे चारला कपाळावर थेंब पडला. छताला हात लावला तर ओंजळ भिजली, दोघांची पांघरुणं दमट. रात्री डोंगरावरची गार हवा उतरून तलावाच्या खोलगटात साचते, कापड थंड पडतं आणि आतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. एकपदरी तंबूत ते पाणी थेट अंगावर. म्हणजे कंपनी खरं बोलत होती, ऑगस्टातली तक्रार मी मागे घेतो. दुसऱ्या रात्री तंबू काठापासून वर झाडाखाली लावला, दोन्ही जाळ्या उघड्या ठेवल्या, ओल निम्म्यावर आली. थंडी वाजली, पण झोप लागली. काठावर तंबू लावायचा मोह टाळाच. घ्यायचा तर दुपदरी घ्या, हजार-दीड हजार जास्त गेले तरी.

चेनचं मात्र अजिबात पटत नाही. आठ महिन्यांत मोजून सात रात्री वापरलेल्या तंबूचं दार बंद होऊ नये?

आणि दसऱ्यानंतरची फेरी. तलाव काठोकाठ, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकलेला, १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर सकाळपासून स्वच्छ. दहिवर तेव्हाही पडतं, पण रात्र इतकी गारठत नाही, आठपर्यंत तंबू वाळतो. अंब्रेला धबधब्यासाठी वेगळी फेरी आखू नका, धरणातून पाणी सोडलं तरच तो दिसतो. घरी मुलांना काजवे आवडले, मला विचाराल तर ऑक्टोबरच.

चेन शेवटी स्टेशनजवळच्या बॅगवाल्याकडून दीडशे रुपयांत बसवून घेतली. ते दीडशे कंपनीकडे मागितलेत, पावतीसकट.