प्रेस पडला की राऊटर बंद: वर्कशॉपमधल्या स्वस्त राऊटरचा आठ महिन्यांचा अनुभव

हे लिहायला मी मे महिन्यात बसलो, तेव्हा हातात राऊटरच्या सर्व्हिस सेंटरची दुसरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर पहिल्या चिठ्ठीवरचेच तीन शब्द होते: ‘दोष आढळला नाही’. त्या रागात लिहिलेला मजकूर आता जुलैमध्ये पुरा करताना फारसा बदललेला नाही. कंपनीचे नाव मात्र काढून टाकले आहे. का, ते पुढे येईलच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे शीटमेटलचे छोटे वर्कशॉप आहे. खाली तीन पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्यावर दणका मारून तो कापणारी-वाकवणारी यंत्रे, वर माळ्यावर ऑफिस. टॅलीचे तीन संगणक, एक प्रिंटर, आठ कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर आणि कामगारांचे मोबाइल एवढाच आमचा पसारा. फायबरवाल्याने फुकट दिलेल्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे होते, त्यामुळे २०० चा प्लॅन भरूनही वेग कधी ९५ च्या पुढे सरकला नाही. ही गोष्ट लक्षात यायला मला वर्ष लागले आणि त्या वर्षाचे निम्मे पैसे पाण्यात गेले, याचे दुःख मला अजून आहे.

दिवाळीत नवा राऊटर घेताना दुकानदार चार अँटेनांचे धूड गळ्यात मारू पाहत होता. पत्र्याची शेड, लोखंडी रॅक आणि मध्ये प्रेस असलेल्या जागेत त्या अँटेनांचा काही उपयोग नव्हता, कारण वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा अडथळ्यांपुढे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर मान टाकतात. म्हणून वाय-फाय नसलेला, पाच गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टांचा आणि इंटरनेटच्या दोन लाइन घेणारा राऊटर साडेचार हजारांत घेतला आणि वाय-फायसाठी छताला वेगळा अॅक्सेस पॉइंट लावला. मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राऊटरही पाहिला होता, परंतु त्याचा मेनू उघडल्यावर आमच्या अकाउंटंटने हात जोडले. कॅमेऱ्यांमुळे राऊटरवर ताण येतो म्हणून महाग घ्या, असेही सांगितले जाते. कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच नेटवर्क स्विचवर (केबली एकत्र जोडण्याच्या डबीवर) असतील, तर त्यांचे चित्रीकरण राऊटरपर्यंत जातच नाही. घरी बसून मोबाइलवर बघाल तेवढेच जाते.

पहिले पाच महिने उत्तम गेले. एप्रिलच्या मध्यापासून राऊटर दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. पुन्हा उभा राहायला त्याला दीड मिनिट लागते. ऐकायला ते फार वाटत नाही, परंतु राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला इंटरनेटवरून काढायचे ई-वे बिल लागते आणि टेम्पो दारात उभा असताना, अर्धे भरलेले बिल डोळ्यांदेखत गेल्यावर, ते दीड मिनिट कसे जाते ते ज्याचे त्यालाच माहीत. आधी मी वळवाच्या विजांना दोष दिला, मग फायबरवाल्याला. शेवटी सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या मारल्या. तिथल्या मुलाने टेबलावर दोन दिवस चालवून दाखवला आणि म्हणाला, “साहेब, एकदाही बंद पडला नाही. मी लिहू तरी काय?” मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ‘स्वस्तातला माल कुणीही घेऊ नये’ हे माझे मेमधले शेवटचे वाक्य होते.

ते वाक्य मागे घ्यावे लागले. राऊटरच्या मेनूत तो किती वेळ सलग चालू आहे याचा आकडा असतो. जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊला मी तो सहज पाहिला, तर एकोणचाळीस तास दिसले, म्हणजे रविवारी संध्याकाळी सहापासून सलग. सोमवारी आमची सुट्टी असते. दहाच्या सुमारास आकडा पुन्हा शून्यावर आला होता. त्याच वेळी माळ्यावर चहा घेऊन आलेला हेल्पर म्हणाला, “मालक, खाली मोठा प्रेस पडला की ह्याचा दिवा मिचकतोय न्हवं.” त्याला ते महिनाभर माहीत होते, मी विचारले नव्हते इतकेच.

एप्रिलमध्ये वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा मी राऊटरला आणि फायबर आत येतो त्या भिंतीवरच्या डबीला मिनी यूपीएस लावला होता. दोन्हींना १२ व्होल्टच लागतात, म्हणून एकच पुरला. यूपीएसपासून राऊटरपर्यंतची वायर लक्ष्मीपुरीतून चाळीस रुपयांत आणली होती. कंपनीच्या अडॅप्टरची पिन आणि या वायरची पिन शेजारी धरल्या तर सख्ख्या बहिणी. मापाचा व्हर्निअर लावला तर दोन्ही बाहेरून साडेपाच मिलिमीटर. मग ड्रिल बिटांचा डबा काढला. २.४ चे बिट माझ्या वायरच्या पिनेच्या भोकात सहज गेले, अडॅप्टरच्या पिनेत ते शिरेना. राऊटरच्या सॉकेटमधला खिळा २.१ मिलिमीटरचा आहे आणि मी आणलेली पिन २.५ ची होती. ती बसते, दिवा लागतो, राऊटर चालतो. मात्र आतला संपर्क कुठेतरी एका बाजूला टेकलेला असतो आणि जमीन हादरली की सुटतो. सर्व्हिस सेंटरच्या टेबलाखाली प्रेस नाही, आणि राऊटर देताना मी त्यांना त्यांचाच अडॅप्टर दिला होता! ०.४ मिलिमीटरची तफावत असलेला माल आमचे गिऱ्हाईक दारातून परत पाठवते, आणि मी दोन महिने तीच तफावत भिंतीवर टांगून दुसऱ्यांना शिव्या देत होतो. कंपनीचे नाव काढले ते यामुळे.

तरीही एक तक्रार खरी आहे. दोन लाइन असल्या की एक गेल्यावर दुसरी आपोआप घेईल, असे राऊटरच्या खोक्यावर छापलेले असते. प्रत्यक्षात फायबर बाहेर रस्त्यावर तुटला, तरी भिंतीवरची फायबरची डबी चालूच राहते. तिच्यापासून राऊटरपर्यंतच्या केबलमध्ये राऊटरला जीव दिसतो आणि तो मेलेल्या लाइनला चिकटून बसतो. इंटरनेटवरच्या बाहेरच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी पिंग करून (हाक मारून उत्तर येते का ते पाहून) लाइन तपासण्याची सोय मेनूत आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू केल्यापासून लाइन अर्ध्या मिनिटात बदलते. मात्र दोन्ही लाइनवर भार वाटण्याचा पर्याय मी बंद केला आहे, कारण मध्येच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) बदलला की बँकेचे संकेतस्थळ आपल्याला बाहेर काढते. दुसरी लाइन फक्त अडीअडचणीला.

हाच राऊटर गोकुळ शिरगावला धाकट्या भावाच्या युनिटसाठी पुढच्या आठवड्यात घेणार आहे. पंधरा रुपयांची २.१ ची पिन मी स्वतः डाग देऊन वायरला जोडली आणि राऊटर भिंतीवरून काढून फोमच्या तुकड्यावर ठेवला. आज सकाळी सलग चालू असल्याचा आकडा एकोणीस दिवस होता. चाळीस रुपयांची वायर टाकून दिलेली नाही. तिच्या दुसऱ्या टोकाची पिन बरोबर मापाची आहे.