नादारीचा अर्ज करू नका, असे सांगणाऱ्या वकीलबाई

धाकट्या भावाची नारायण पेठेतली छपाईची प्रेस गेल्या वर्षी बंद पडली, तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन वैयक्तिक कर्जे, तीन क्रेडिट कार्डे आणि धायरीच्या फ्लॅटचे गृहकर्ज होते. दिवाळखोरी जाहीर करून एकदाचे मोकळे व्हायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. वकील शोधू लागलो तर सगळीकडे कर्ज निम्मे करून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांच्याच जाहिराती दिसत होत्या. वकिलांना जाहिरात करण्याची मुभा नसते, हे आम्हांला फार उशिरा कळले. तोवर अशाच एका कंपनीला अठरा हजार रुपये भरून झाले होते आणि तिच्या सांगण्यावरून हप्तेही थांबवले होते. अखेर एका ओळखीच्या कारकुनाने शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या या वकीलबाईंकडे पाठवले.

पहिल्याच भेटीत त्यांनी नादारीचा, म्हणजे न्यायालयाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा, विषय बाजूला ठेवून बाउन्स झालेल्या चेकची नोटीस मागितली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि आमच्या हातात सहाच दिवस उरले होते. प्रेसचे कटिंग मशीन विकून ती रक्कम आधी भरली. हे आम्हांला त्याआधी कोणीही सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

नादारीविषयी त्यांनी तासभर शांतपणे समजावले. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झालेला असल्यामुळे, पुण्यातल्या साध्या कर्जदाराला अजूनही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला की मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, कर्जातून मुक्ततेचा आदेश वेगळा मागावा लागतो, आणि तारण ठेवलेल्या फ्लॅटवरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. म्हणजे ज्या घरासाठी भाऊ हा मार्ग धरू पाहत होता, ते घर त्या मार्गाने वाचणारच नव्हते. अर्ज दाखल केला असता तर बाईंना फी बरीच अधिक मिळाली असती. तरीही त्यांनी तो करू नका असे स्पष्ट सांगितले, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

पुढे गृहकर्जाचे हप्ते नियमित ठेवून दोन वैयक्तिक कर्जांचा निकाल लोकअदालतीत तडजोडीने लागला. तडजोडीचे पत्र लेखी हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू दिला नाही, आणि क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले, असा शेरा राहील, पुढे कर्ज मिळणे अवघड जाईल, हेही आधीच सांगितले. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवून त्यांनी बँकेला पत्र लिहिले. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले आणि वहिनीला झोप लागू लागली.

फी प्रत्येक भेटीला पंधराशे रुपये, पावतीसह. वाचलेल्या रकमेत टक्केवारी मागितली नाही. उणीव एकच, की त्या कोर्टात असल्या की दिवसभर फोन लागत नाही आणि कार्यालयात दुसरे कोणी उत्तर देत नाही. क्रेडिट कार्डांचे प्रकरण अजून चालू आहे. जाताना मूळ कर्जकरार आणि सर्व खात्यांचे उतारे बरोबर न्यावेत. आमची पहिली भेट कागदांअभावी अर्धी वाया गेली होती.